संग्रह आणि सुख

वस्तूंच्या संग्रहाने मनुष्य सुखी होतो की नाही, या प्रश्नासंबंधी आपल्या समाजात दोन परस्परविरुद्ध मते एकाच वेळी, आणि पुष्कळदा एकाच तोंडून, ऐकू येतात. कीर्तन ऐकून देवळातून बाहेर पडलेला गृहस्थ 'पैशात काय आहे?' असे उद्गार काढतो. आणि तोच गृहस्थ घरी पोहोचण्यापूर्वी, मुलीसाठी स्थळ सुचविणाऱ्यास मुलाची प्राप्ती किती, घर स्वतःचे की भाड्याचे, जमीन बागायत की जिरायत, असे प्रश्न बारकाईने विचारतो. यास ढोंग म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. मला ही गोष्ट तितकी सोपी वाटत नाही. त्या गृहस्थाची दोन्ही मते मनापासूनची असतात, आणि विशेष हे की दोन्ही खरीही असतात. उणीव असते ती इतकीच की, पहिले मत ज्या गोष्टीविषयी खरे आहे ती निराळी आणि दुसरे ज्या गोष्टीविषयी खरे आहे ती निराळी, हा विवेक त्याने केलेला नसतो. तो विवेक करून पाहावा, आणि तो केल्यावर आपल्या घराघरांतून चालत आलेल्या एका व्यवहाराविषयी काय म्हणणे प्राप्त होते तेही निर्भीडपणे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वस्तूचा आणि आपला संबंध तीन प्रकारचा असतो. वस्तू आपल्या उपयोगी पडते, हा पहिला. ती आपल्यापाशी साठून राहते, हा दुसरा. आणि ती माझी आहे, दुसऱ्याची नाही, असे आपण म्हणतो, हा तिसरा. उपयोग, संग्रह आणि स्वामित्व या तीन गोष्टी व्यवहारात एकत्र नांदतात. म्हणून त्या एकच आहेत असा आपला समज होतो. परंतु सुखाशी असलेले त्यांचे नाते एकसारखे नाही.

उपयोगाचा विचार प्रथम करू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वराकडे पावसाची नुसती लूट असते, आणि पूर्वेस माण-खटावच्या माळावर पावसाच्या एका सरीसाठी डोळे आकाशास लागलेले असतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, कमंडलू नदीच्या काठी, रहिमतपूर वसले आहे. येथील वडीलधारी माणसे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगतात, तेव्हा त्यांत खडी फोडण्याची कामे येतात, मुलांना वाटलेली सुकडी येते, दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने विकल्याची गोष्ट येते. त्या वर्षी ज्याच्या घरात आठ दिवसांचे धान्य नव्हते, त्यास एक पोते ज्वारी मिळाल्याने जो आनंद झाला असेल, तो मायिक होता असे म्हणण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या कोणाही तत्त्वज्ञास नाही. ॲरिस्टॉटलसारख्या विचारवंतानेही सुखाचे मूळ सद्गुणात आहे असे प्रतिपादन करीत असता, बाह्य साधनांची काही एक अनुकूलता असल्यावाचून सद्गुणी मनुष्यासही पूर्ण सुख लाभत नाही, हे मान्य करून ठेवले आहे. अन्न, वस्त्र, डोक्यावर छप्पर, दुखण्यात औषध, मुलांच्या हाती पुस्तक, एवढ्यांचा अभाव म्हणजे दुःखच होय. आणि तो दूर करणाऱ्या वस्तू निःसंशय सुखाच्या आहेत. 'पैशावाचून चालत नाही' हे त्या गृहस्थाचे मत येथे शंभर टक्के खरे ठरते.

गरज भागल्यानंतर मात्र हिशेब बदलतो. आमच्या आजोबांच्या पिढीत ओगलेवाडीच्या कारखान्यातून निघालेला प्रभाकर कंदील ज्या घरात आला, त्या घरात पहिल्या रात्री उजेडाचा सण झाला असला पाहिजे. महिन्याभरात त्या उजेडाची सवय झाली. आणि पुढे विजेचा दिवा आल्यावर तोच कंदील माळ्यावर गेला. विजेचा दिवाही आज कोणास आनंद देत नाही. तो गेला म्हणजे मात्र सर्वांस त्रास होतो. वस्तूची जात अशी की ती येताना सुख देते, राहताना मौन धरते आणि जाताना दुःख देते. आधुनिक मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट आपल्या पद्धतीने तपासून पाहिली आहे. १९७८ मध्ये ब्रिकमन व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरीचे मोठे बक्षीस लागलेल्या २२ माणसांची चौकशी केली, तेव्हा ही माणसे त्यांच्या शेजारपाजाऱ्यांहून फारशी अधिक सुखी आढळली नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना वाटणारी गोडी इतरांहून कमी झालेली दिसली. २२ ही संख्या लहान आहे, आणि तिच्यावर सिद्धांताची मोठी इमारत रचू नये हे खरे. ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये अधिक व्यापक प्रश्न घेतला. एकाच काळी एकाच देशातील श्रीमंत हे गरिबांहून सामान्यतः अधिक समाधानी आढळतात, परंतु सबंध देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढत गेले म्हणून देशाचे समाधान त्या मानाने वाढत नाही, असे त्याने मांडले. यावर पुढे पुष्कळ वाद झाला व अद्याप चालू आहे. तथापि त्याच्या म्हणण्यातील एक अंश समजण्यास ग्रंथ चाळण्याची आवश्यकता नाही. आल्याला भाव आलेल्या वर्षी आळीतील एका घरापुढे नवी मोटार उभी राहिली, म्हणजे शेजारच्या घरातील कालपर्यंत चांगली वाटणारी फटफटी एका रात्रीत जुनी होते. फटफटीत काही बिघडलेले नसते. उपयोग तितकाच राहून सुख मात्र कमी झाले. याचा अर्थ ते सुख उपयोगाचे नव्हतेच, तुलनेचे होते. संग्रहाचे सुख बहुतांशी असे उसने असते, आणि ते केव्हा परत मागितले जाईल हे शेजाऱ्याच्या हाती असते.

आता राहिले स्वामित्व. या बाबतीत आपली भाषा आपल्यास काही सुचविते. मी आयुष्यभर महाविद्यालयात इंग्रजी शिकविले, त्यामुळे ही गोष्ट वारंवार माझ्या ध्यानात आली. इंग्रजीत मनुष्य कर्ता होऊन वस्तू बाळगतो. त्यासाठी त्या भाषेत एक स्वतंत्र, सकर्मक क्रियापद आहे. मराठीत तसे रोजच्या वापराचे क्रियापदच नाही. 'माझ्याजवळ पैसे आहेत' असे आपण म्हणतो. येथे 'आहेत' या क्रियापदाचा कर्ता पैसे आहेत, आणि मी केवळ ते जेथे आहेत ती जागा आहे. 'मला दोन बहिणी आहेत' असे म्हणतो; 'माझ्याजवळ दोन बहिणी आहेत' असे म्हणत नाही, आणि कोणी म्हटलेच तर त्याचा अर्थ त्या सध्या त्याच्या घरी राहावयास आल्या आहेत असा होतो. म्हणजे नाती आपल्यास असतात, वस्तू आपल्याजवळ असतात. 'जवळ' या शब्दात 'आज जवळ, उद्या लांब' ही शक्यता गृहीतच आहे. व्याकरणावरून नीतिशास्त्र सिद्ध होते असे मी म्हणत नाही. मराठी बोलणारा मनुष्य इंग्रजी बोलणाऱ्याहून कमी लोभी असतो असा दाखला कोणत्याही तालुका कचेरीत सापडावयाचा नाही. परंतु भाषेत साठलेला शहाणपणा आपण रोज उच्चारतो आणि रोज विसरतो, इतके तरी यावरून दिसते.

आपल्या जुन्या घरांतील भांडी हीच साक्ष देतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची चाल आपल्याकडे होती. दिवाळीपूर्वी माळ्यावरची हंडे, घंगाळे, पराती चिंचेने घासावयास काढल्या, म्हणजे त्यांच्या काठांवर अशी नावे दिसतात की ज्यांची माणसे कोण होती हे घरातील कोणासही सांगता येत नाही. नाव घातले होते ते स्वामित्व दाखविण्यासाठी; आता त्यातून दिसते ते एवढेच की, हे भांडे अमुक माणसाच्या जवळून गेले. मनुष्याने भांडे बाळगले असे म्हणण्याऐवजी, भांड्याने इतकी माणसे पाहिली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

मग स्वामित्व अगदीच व्यर्थ म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास रहिमतपुराहून फार लांब जावे लागत नाही. आगगाडीने येऊन औंधास जाणारे लोक ज्या स्थानकावर उतरतात ते रहिमतपूरच होय. औंध हे पूर्वी लहानसे संस्थान होते. खेडी अवघी ७२. तेथील राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते होते, आणि संग्राहकही होते. राजा रविवर्म्याची चित्रे, महाराष्ट्रातील चित्रकारांच्या कृती, हस्तिदंताचे व चंदनाचे कोरीव काम, युरोपातील शिल्पे, असा मोठा ठेवा त्यांनी जमविला. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक यांचे एक शिल्पही त्यात आहे. असा ठेवा राजवाड्याच्या दालनात ठेवून पाहुण्यांस दाखविणे ही संस्थानिकांची रीत होती. भवानरावांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडून तो सर्वांसाठी मांडला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, आणि त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला एक अभियंता यांच्या साहाय्याने, त्यांनी संस्थानात लोकांचे स्वराज्य स्थापन करणारी घटना जाहीर केली आणि ग्रामपंचायतींच्या पायावर कारभार उभा केला. सत्ता हीही एक मालमत्ताच होय, आणि ती हातची सुटण्याची वेळ येण्यापूर्वी त्यांनी ती आपण होऊन सोडली.

संग्रहालयात आज कोणीही जावे. माणदेशातील एखादा शेतकरी यमाईच्या दर्शनास येतो आणि जाता जाता रविवर्म्याच्या चित्रापुढे क्षणभर उभा राहतो. त्या क्षणी त्यास मिळणारा आनंद राजास मिळणाऱ्या आनंदाहून कमी प्रतीचा असतो काय? चित्र पाहण्याच्या सुखास मालकीची अट नाही. मालमत्ता खासगी असावी, पण तिचा उपयोग सर्वांस घेता यावा, असे ॲरिस्टॉटलने सुचविले होते. आणि भोग व त्याग हे एकमेकांचे वैरी नसून त्यागाच्या द्वारेच खरा भोग घडतो, असा ईशोपनिषदाचा आशय आहे. औंधाच्या डोंगरावर हे दोन्ही विचार एकत्र भेटतात. भवानरावांच्या संग्रहाचे जे सुख टिकले, ते त्यांच्या स्वामित्वाने टिकले नाही, स्वामित्व सैल केल्याने टिकले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, राजेही गेले; संग्रहालय उभे आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल, आणि तो योग्य आहे. 'राजाने दिले यात नवल कोणते? त्याच्याजवळ होते म्हणून त्याने दिले. आणि ते होते तेही अखेर रयतेच्याच घामाचे.' म्हणून दुसरे उदाहरण घेतो. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. त्या काळी विवाहित स्त्रीस स्वतःची म्हणता येईल अशी मालमत्ता म्हणजे अंगावरचे सोने, एवढीच बहुधा असे. नवऱ्याच्या मागे, आजारपणात, दुष्काळात, तेच तिचे बळ. राजाने दिले ते भरलेल्या कोठारातून. लक्ष्मीबाईंनी दिले ते एकुलत्या एका आधारातून. सोने अंगावर असता जे सुख देते, त्याहून ते मोडल्यावर त्या मुलांच्या जेवणात त्यांनी अधिक पाहिले असले पाहिजे. एरव्ही शेवटचा मणी मोडण्यापर्यंत कोणी जात नाही.

परंतु नेमका येथेच, आपण ज्यास उदाहरण म्हणतो त्याचे आपण काय करतो, हा प्रश्न उभा राहतो. लक्ष्मीबाईंचा त्याग आपण व्याख्यानांतून गौरवितो, आणि मग नकळत असे समजू लागतो की, सोडणे हा स्त्रीचा स्वभावच आहे व ते तिच्याकडून अपेक्षिणे हा आपला हक्क आहे. ज्या व्यवहाराचा मी आरंभी निर्देश केला तो हाच. वडील वारले, तेरावे उरकले, म्हणजे काही दिवसांनी बहिणींस निरोप जातो की, एक दिवस येऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही करून जा. हक्कसोडपत्र तयार असते. त्या कागदात बहुधा असे लिहिलेले असते की, बहिणीने राजीखुशीने, कोणत्याही दडपणावाचून, आपला हिस्सा भावास सोडला आहे. सही होते, साडी-चोळी होते, जेवण होते. आणि 'ताईंचे मन फार मोठे' असे सर्वजण म्हणतात.

कायदा काय म्हणतो ते सांगण्याजोगे आहे. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीस मुलाप्रमाणे हिस्सा देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. सबंध देशासाठी ती २००५ मध्ये झाली. आणि हा हक्क जन्मतःच प्राप्त होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ताई जे सोडते ते दयेने मिळालेले नसून तिचेच असते. तरीही ते तिच्या हाती एक दिवसही येत नाही. तिचे नाव सातबाऱ्यावर लागते ते बहुधा केवळ कमी करण्यासाठी.

या व्यवहाराच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्यांश नाही असे नाही. जमिनीचे तुकडे होत होत हिस्से गुंठ्यांवर आले आहेत. आईबापांच्या म्हातारपणाचा भार बहुतेक ठिकाणी भाऊ-भावजय वाहतात. मुलीच्या लग्नात खर्च झालेला असतो. ही कारणे हिशेबात घेऊन एखाद्या बहिणीने, सर्व समजून उमजून, आपला हिस्सा भावास दिला, तर तिचे करणे उचितच होय. परंतु या कारणांखेरीज जे एक कारण सर्वांत जोराने पुढे केले जाते, ते आपल्या विषयाचे आहे. 'चार गुंठ्यांसाठी माहेर तोडणार का? जमिनीने कोणी सुखी झाले आहे का? नाती महत्त्वाची.' वस्तूंहून नाती मोठी, हे तर मीही वर म्हटले आहे. मग यात चुकते कोठे?

चुकते ते असे की, हा उपदेश दोघांपैकी एकासच केला जातो. जमिनीने सुख मिळत नसेल तर ते भावासही मिळत नाही. नाते जर जमिनीहून मोठे असेल तर ते भावाच्या बाजूनेही मोठेच असले पाहिजे. 'चार गुंठ्यांसाठी बहीण तोडणार का?' असा प्रश्न भावास विचारलेला मी क्वचितच ऐकला आहे. जे माहेर एका सहीवर टिकते आणि सही न केल्यास तुटते, ते माहेर त्या सहीच्या किमतीस विकत घेतलेले असते; आणि विकत घेतलेली गोष्ट ही पुन्हा वस्तूच होय. अशा रीतीने, वस्तूंहून नाते मोठे असे सांगता सांगता आपण नात्याचीच वस्तू करून टाकतो. अपरिग्रहाचे तत्त्व स्वतःस लावले तर ती साधना होते. दुसऱ्यास लावले, आणि तेही आपल्या लाभासाठी लावले, तर तो अपहार होतो, मग त्याची भाषा कितीही संतांची असो.

बृहदारण्यकोपनिषदातील मैत्रेयीची कथा सर्वांस ठाऊक आहे. धनाने भरलेली सारी पृथ्वी माझी झाली तरी मी अमर होईन काय, असे तिने याज्ञवल्क्यास विचारले. धनवंतांचे जिणे जगशील, अमरत्वाची आशा नको, असे त्याने सांगितले. आणि तिने धन नाकारून ज्ञान मागितले. ही कथा सांगताना आपण तिचा आरंभ बहुधा गाळतो. घर सोडून जाण्यापूर्वी याज्ञवल्क्य आपल्या दोन्ही पत्नींमध्ये वाटणी करू पाहत होता. मैत्रेयीपुढे तिचा हिस्सा प्रथम ठेवला गेला. मग तिने तो नाकारला. हिस्सा पुढे आलाच नसता तर तिच्या नकारास अर्थ राहिला नसता. तो केवळ अभाव झाला असता, त्याग नव्हे. आणि वाटणीतली दुसरी भागीदार जी कात्यायनी, तिने हिस्सा नाकारल्याचे कथेत नाही, आणि त्याबद्दल उपनिषद तिला एक शब्दही बोलत नाही. त्या जुन्या ऋषीला जे कळत होते ते आपल्यास कळावयास हरकत नाही: देणे न देणे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते, आणि ठरविण्यापूर्वी ते त्याचे असावे लागते.

यावरून स्वामित्वाविषयी वर विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. स्वामित्व स्वतः सुख देत नाही. परंतु सोडण्याचे सुख ज्यास हवे त्यास आधी ते लागते. उपयोगापुरती वस्तू सर्वांस मिळावी, संग्रहाचा सोस ज्याचा त्याने आवरावा, आणि स्वामित्व इतके निश्चित असावे की ते मोकळ्या हाताने सोडता यावे. सुखाचा आणि वस्तूंचा संबंध मला तरी इतकाच दिसतो. भवानरावांचा संग्रह त्यांचा होता, लक्ष्मीबाईंचे सोने त्यांचे होते. म्हणूनच त्यांचे देणे हे देणे झाले.

तेव्हा सुज्ञ वाचकांस एवढीच विनंती करावीशी वाटते की, आपल्या घरात असा प्रसंग आला तर हक्कसोडपत्राचा मसुदा करण्याआधी वारसांची नोंद पुरी होऊ द्यावी, बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लागू द्यावे, आणि उतारा तिच्या हाती द्यावा. तो घेऊन तिने स्वस्थपणे सासरी जावे. वर्षभराने तिला वाटले तर ती देईल. न वाटले तर देणार नाही. दोन्ही प्रकारे भाऊबीजेस तिचे ताट मांडलेले असावे. तसे ते मांडता येत नसेल, तर सुख वस्तूंत नाही हे वाक्य त्या घरात पुन्हा कोणी उच्चारू नये.